मामांनी हातचं राखलेलं कापड

कडकमामांचा स्वभाव मुळीच कडक नव्हता. कडक होती ती त्यांची खळ. त्यांच्या लॉन्ड्रीतून आलेल्या सदऱ्याची कॉलर माणसाला मान वाकवू देत नसे. रस्त्यानं कुणी ताठ मानेनं चालताना दिसला, की लोक म्हणत, याला एकतर बढती मिळाली असेल नाहीतर कपडे मामांकडचे असतील. स्वतः मामा नाकासमोर चालणारे, हळू बोलणारे. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे हाताळल्यामुळे असेल, पण कापड कितीही भारी असो, ते आपलं नाही हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक झालं होतं.

बायको वारल्यावर त्यांनी एकेक वस्तू सोडायला सुरुवात केली. त्यात रडारड नव्हती की भाषणबाजी नव्हती. रोज संध्याकाळी ते चर्चमध्ये जाऊन बसत आणि तिथून उठताना घरातली आणखी एखादी गोष्ट त्यांना फुकटचं ओझं वाटू लागे. देवाकडे जायचंच आहे तर गाठोडं कशाला, असा त्यांचा सरळ विचार. बायकोच्या बांगड्या मुलीला गेल्या. रस्त्याकडची हवेशीर खोली मुलाला आणि सुनेला दिली, आणि स्वतःची खाट जिन्याखाली टाकली. शेवटी दुकानही सुनेच्या हाती सोपवलं. एका नातेवाइकानं टोमणा मारला, की म्हातारा आता अंगावरचे कपडे तेवढे ठेवणार. मामा म्हणाले, "ते तरी इस्त्रीलाच आलेत," आणि पुढचा घास घेतला.

सून चलाख होती. तिनं वाफेची इस्त्री आणली, भिंतींना रंग दिला, खळ निम्म्यावर आणली.

"खळ कमी घालतेस," मामा एकदाच म्हणाले.

"बाबा, लोकांना मान हलवायची असते."

मामांना ते पटलं. दुकानाची त्यांना खरंच काही पडलेली नव्हती. पण माणूस सगळं दिलं म्हणतो तेव्हा त्यानं हातचं काय राखलंय ते बघावं. मामांनी वेदीवरचं कापड राखलं होतं. चर्चमधल्या वेदीवर अंथरायचं ते लांबरुंद पांढरं सुती कापड वर्षानुवर्षं दर शनिवारी त्यांच्याकडे येई. ते हातानं धुणार, खळ घालणार, सावलीत वाळवणार, अर्धवट ओलं असतानाच त्यावर आपली जुनी जड इस्त्री आधी उलट्या बाजूनं आणि मग सुलट्या बाजूनं फिरवणार. पुढची बाजू ओळखता यावी म्हणून एका काठाला आतून लाल दोऱ्याचा टाका होता. घडी ते चर्चच्या सेवकाकडे देत, आणि तो टाका बघून अंथरी. रविवारी मामा पहिल्या बाकावर बसत. काठ सरळ आलाय ना, कुठे चुणी नाही ना, हे बघण्यात त्यांची अर्धी प्रार्थना जाई.

"द्या, मी करते," सून एकदा म्हणाली होती.

"हे दुकानाचं काम नाही. देवाचं आहे."

देवाचं काम, म्हणून सोडायच्या वस्तूंत ते मोजायचं त्यांना कधी सुचलंच नाही. हत्ती गेला होता, आणि शेपूट मामांनी मोठ्या भक्तिभावानं धरून ठेवलं होतं.

पुढे त्यांचा उजवा हात कापायला लागला. एका शनिवारी कापडाच्या पुढच्या काठाजवळ इस्त्री फिरवता फिरवता मनगट असं थरथरलं, की ते धरायला त्यांनी दुसरा हात पुढे केला. इस्त्री तेवढा वेळ तिथेच टेकून राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा उशीर झाला होता. काठाजवळ इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग उमटला होता. त्यांनी लिंबू चोळलं, साबण चोळला, कापड उन्हात धरलं. डाग फिका झाला, पण गेला नाही.

खरं तर फादरना सांगायचं आणि मोकळं व्हायचं. फादर साधा माणूस, रागावले नसते. पण ते म्हणाले असते, "मामा, आता राहू द्या, हात कापतो तुमचा." त्या एका वाक्याची मामांना जेवढी भीती वाटली तेवढी मरणाचीही वाटत नव्हती. त्यांनी सुई घेतली, लाल टाका उसवला आणि पलीकडच्या, मागच्या काठाला घातला. म्हणजे मागची बाजू पुढे आली आणि डागाची बाजू पाठीमागे गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरून त्यांनी निरखून पाहिलं. पुढचा काठ दुधासारखा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत त्यांनी हात जोडले.

बरेच रविवार असेच गेले. मग सेवक तापानं पडला. त्याच्या बायकोनं कापड अंथरलं, पण मेणबत्त्या तशाच राहिल्या, म्हणून फादरनी मामांना विनंती केली. इतकी वर्षं कापड सांभाळलं, पण मामा वेदीच्या पलीकडे कधी गेलेच नव्हते. काडी पेटवून ते मागच्या बाजूनं आले आणि त्यांनी खाली पाहिलं. ग्रंथ ठेवायचा, भाकर आणि प्याला ठेवायचा, फादरनी दोन्ही हात टेकवून मान खाली घालायची, त्या जागेच्या शेजारीच तो डाग होता. फादर रोज जिथे बघणार तिथेच मामांनी तो नेऊन ठेवला होता. लॉन्ड्रीवाल्याला कापडाच्या दोन्ही बाजू कळतात, वेदीला दोन बाजू असतात हे मात्र ते विसरले होते. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा ते भानावर आले.

मिस्साची उपासना संपल्यावर ते शेजारच्या खोलीत गेले. फादर झगा उतरवत होते.

"फादर, तो डाग."

"हो."

"तुम्ही पाहिला होतात?"

"मामा, मी तिथेच उभा असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"कापड स्वच्छ होतं. माझं काही अडत नव्हतं."

मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "सांगितलं असतं तर तुम्ही काम काढून घेतलं असतं."

"नसतं घेतलं. आताही घेत नाही. हात चालेल तोवर करा. पडले डाग तर पडू देत."

याची मामांना तयारी नव्हती. काढून घेतलं असतं तर बरं झालं असतं, चार दिवस रुसता आलं असतं. आता सोडायचं तर आपल्याच हातानं सोडावं लागणार होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

"फादर," ते म्हणाले, "आजवर मी जे जे दिलं ना, ते मला नकोच होतं."

फादर झग्याची घडी घालत राहिले. ती वाकडी पडत होती, आणि मामांनी ती न राहवून त्यांच्या हातातून घेऊन सरळ केली.

पुढच्या शनिवारी त्यांनी कापड सुनेपुढे ठेवलं. "डाग आहे. बघून घाल टाका."

"हे दुकानाचं काम नाही म्हणत होता ना?" तिनं चिडवलं. मग त्यांचा चेहरा बघून तिनं कापड जवळ ओढलं. "तुम्ही सांगा कसं करायचं. मी करते."

"तुझ्या पद्धतीनं कर," मामा म्हणाले आणि जिन्याखाली जाऊन बसले. वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट त्यांना तिथे ऐकू येत होता. उलट्या बाजूनं आधी फिरवत नाहीये, हे त्यांना आवाजावरूनच कळलं. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन खाटेवर बसले.

रविवारी ते पहिल्या बाकावरच बसले. शेजारी सून होती. कापडाला खळ कमी होती, त्यामुळे काठ मऊ पडला होता. डाग आता लोकांच्या बाजूला आला होता. सुनेनं तो लपवला नव्हता. आणि उजव्या अंगाला चांगली वीतभर चुणी होती.

"चुणी राहिली, बाबा," सून कुजबुजली. "दिसतेय ना?"

"दिसतेय."

"पुढच्या वेळी तुम्हीच कराल का? माझ्याच्यानं तुमच्यासारखं नाही होत."

मामांनी चुणीवरून नजर काढली. खोली देताना, दुकान देताना, बायकोच्या बांगड्या देताना त्यांचा आवाज एकदाही बदलला नव्हता. आता मात्र तो बदलला.

"नको," ते म्हणाले. "तूच कर."