छावणीतला रफ माल

आमच्या कारखान्यात केरसुद्धा फेकत नाहीत. चाळून, धुऊन बघतात, न जाणो एखादा बारका हिरा निघायचा! घरी जाताना बुटांचे तळवे झटकून दाखवावे लागतात. बिनतपासणी बाहेर जातात ते फक्त किस्से. इतकी वर्षं तेच घरी नेतोय. बायको म्हणते, आता जागा नाही.

कारखाना म्हणजे छावणीत एका बेकरीच्या वरचे दोन हॉल. शेठ सुरतेहून रफ आणतात, म्हणजे खाणीतून निघालेला कच्चा हिरा. तो कुठून कापायचा त्याच्या खुणा मी करतो. मग आमचे सगळ्यात जुने कारागीर रहीमचाचा आणि बाकीची मंडळी त्याला पैलू पाडतात.

*

मी नवीन होतो तेव्हा वैजापूरहून मामा आले. मार्केट यार्डात कांदा घालून थेट इकडंच. मी कौतुकानं रफची पुडी उघडली. मामांनी एक खडा उजेडात धरला आणि परत ठेवला.

"ही तर तुरटी हाय."

"मामा, रफ अशीच दिसते. घासल्यावर चमकते."

"घासता कशानं?"

"हिऱ्याच्याच भुकटीनं. दुसरं काही त्याला लागूच पडत नाही. तेलात कालवून लोखंडी चकतीला लावायची."

मामांनी पुडी माझ्याकडं सरकवली.

"म्हंजे हिऱ्याची भुकटी करायची, अन् तिनं तुरटी घासायची?"

"...हो."

"शेठ लई भोळा हाय रे तुमचा!"

*

घासताना एखादा खडा चकतीवरून उडतो. "उडाला!" अशी आरोळी आली की पंखे बंद, दार बंद, आणि सगळे जमिनीवर पालथे.

भाऊसाहेब आमचा चांगला कारागीर. घरी मेंढरं, हा एकटाच शहरात आलेला. त्याचं लग्न ठरत होतं, आणि मुलीचे वडील न सांगता कारखाना बघायला आले ते नेमके अशा वेळी. गुडघे दुखतात म्हणून रहीमचाचा तेवढे दारात उभे होते.

"आमचा जावई कुठं हाय?"

"वो क्या, टेबल के नीचे."

"काय करतोय?"

"काम."

पाहुणे काचेतून बघत बसले. दुपार टळली. शेवटी भाऊसाहेब केसांत धूळ, चिमट्यात खडा असा बाहेर आला. पाहुण्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

"पोरगं बरं हाय. आपली सुमी रुसली की कुठंबी जाऊन बसती. ह्यो हुडकून काढील."

*

मोठी रफ कापायला लेझरखाली ठेवली की शेठ भिंतीकडं तोंड करून उभे राहतात. आत ताण असेल तर खड्याचे तुकडे होतात, सगळाच माल गेला! एकदा तर असा खडा आला होता, की शेठनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मशीन थांबलं. शेठ भिंतीलाच विचारतात, "चाचा, टूटा क्या?"

"सेठ," चाचा म्हणाले, "तोडने कोच तो रखे थे."

*

लग्नानंतर भाऊसाहेबच्या मनात आलं, लोकांचे हिरे किती दिवस घासायचे? पन्ना म्हणून हिऱ्यांच्या खाणींचं गाव आहे, तिथं सरकार जमिनीचा तुकडा खणायला देतं, हिरा लागला तर सरकारचा वाटा कापून बाकी पैसे आपले. सुट्टी काढून तो सुमीला घेऊन गेला. दोघांनी अख्खा हिवाळा खणलं. वरची माती काढायची, खालचे गोटे धुऊन उन्हात पसरायचे, आणि एकेक खडा हातानं वेचायचा.

परत आला तो काळाठिक्कर पडून. सगळे भोवती जमलो.

"लागलं का काही?"

"लागलं."

शेठ खुर्चीतून उठलेच. "क्या लगा?"

"पाणी."

गावाकडं त्याच्या रानातले सगळे बोअर कोरडे गेलेले. तिथं परक्या जागेत कमरेएवढं खणलं आणि झरा! रोज सकाळी आधी खड्डा उपसायचा, मग काम.

"ह्ये उपसता उपसता रडायचे," बरोबर आलेली सुमी म्हणाली. "मला वाटायचं, हिऱ्यापायी रडत्यात."

*

आपल्याकडं विहीर खणताना काळ्या खडकातून चमकदार गारा, म्हणजे गारगोट्या, निघतात. लोक त्या हिरा समजून आमच्याकडं आणतात. चाचा एक नजर टाकतात, "पत्थर है, जी," म्हणतात, चहा पाजतात आणि पाठवून देतात.

एकदा एक म्हातारी आली, बरोबर तीन मुलगे. तिघं तीन कोपऱ्यांत बसले, एकमेकांशी बोलेनात. खडा म्हातारीच्या रुमालात, घट्ट गाठीत. तपासायला आत नेताना ती चाचांच्या मागोमाग आली.

"भाऊ, गाठ सोडू नगा," ती हळूच म्हणाली. "ह्यो निघाल्यापासून तिघं माझ्याकडं यायला लागल्यात. आज एका जीपमधी बसून आले."

चाचा बाहेर गेले आणि मुलांना म्हणाले, "इसकू टाइम लगता. अगले महिने लाओ. सब मिलके आना."

तेव्हापासून दर महिन्याला जीप येते. तिघं म्हातारीला धरून जिना चढवतात. हल्ली येताना गुलमंडीत थांबून इमरती खातात, आमच्यासाठीही आणतात. चाचा रुमाल आत नेतात, थोडा वेळ बसतात आणि मान हलवत बाहेर येतात. "अगले महिने."

मागच्या खेपेला मला राहवलं नाही. आत जाऊन म्हटलं, "चाचा, किती दिवस हे? गारच आहे ना ती?"

चाचांनी इमरती संपवली. बोटं पुसली. टेबलावर रुमाल होता, गाठ तशीच.

"तुम देखे?"

"नाही."

"मैं बी नै देखा," चाचा म्हणाले, आणि रुमाल उचलून बाहेर गेले.