घेतलं तर ठेवायचं

बाई कुणाला 'या, बसा' म्हणायच्या नाहीत. "उशीर केलास," म्हणायच्या. वेळ ठरलेली नसली तरी. भोरमध्ये मी नेट कॅफे काढला त्या दिवशी या निवृत्त शिक्षिका दारात उभ्या. "उशीर केलास. पुण्यात केव्हाच आलंय हे." आणि खुर्ची ओढून बसल्या.

अमेरिकेतल्या भाच्याने त्यांना जीपीएसचं यंत्र दिलं होतं आणि त्यावरचा एक खेळ शिकवला होता. डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे, अनोळखी माणसांनी येऊन तो शोधायचा. आतली एक वस्तू घ्यायची, तिच्या तोलाची दुसरी ठेवायची. हा शेवटचा नियम बाईंना फार भिडला. वेल्ह्याकडचं त्यांचं माहेर धरणात गेलं होतं. "गाव घेतलं. ठेवलं काय? दगड!" असं त्या कडाडल्या की कॅफेतली सगळी गिऱ्हाइकं मान वर करून बघायची.

धरणाच्या काठाकाठाने जाणाऱ्या पायवाटेवर बाईंनी डबे लपवले. प्रत्येकात एक चिठ्ठी: इथून खाली चावडी होती, इथे नदी ओलांडायचा उतार, इथे तेलाचा घाणा. मी सोबत जायचो आणि बोलणी खायचो. "पाण्याकडं बघून 'काय सीन आहे' म्हणू नकोस. माझं स्वयंपाकघर आहे ते!" वाट खरंच देखणी होती, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

शेवटचा डबा वडाखाली. गाव उठलं तेव्हा माणसं याच झाडाशी ट्रकची वाट बघत उभी होती. डब्यात बांगड्या, चिल्लर, एक बाहुली आणि तळाशी बाईंच्या माहेरच्या दाराची कडी. ती फक्त बघायची, न्यायची नाही, असं चिठ्ठीत ठळक लिहिलं होतं.

पुढच्या खेपेला गेलो तर डबा गायब. तिथे फोडलेला नारळ आणि लिंबं. वरच्या वस्तीतून तान्हूबाई आल्या. बुडालेल्या गावात त्या बाईंच्या शेजारीण, लहानपणच्या सोबतीण. म्हणाल्या, "करणी केलती कुणीतरी. बांगड्या, भावली... देवऋषाला इचारलं अन् दिली पान्यात फेकून."

चिडल्या की बाईंची शाळेतली भाषा सुटून माहेरची तोंडी यायची. "करणी? आगं, माज्या घराची कडी व्हती त्यात! एकदा सरकारनं बुडीवली, आता तू बुडीवलीस! घेतलं तर तोलाचं ठिवायचं, असा नेम हाय डब्याचा. तू काय ठिवशील गं?"

तान्हूबाईंचा चेहरा उतरला. मला मात्र जराही दया आली नाही. देवऋष्याकडे जायला पाय आहेत, चिठ्ठी कुणाकडून वाचून घ्यायला नाहीत? एसटीत भोरपर्यंत मी धुमसत होतो. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

तरी त्यांनी पुन्हा डबा नेलाच. झाकणावर मोठ्या अक्षरांत: 'करणी नाही. उघडा.' वडाखाली तान्हूबाई बसलेल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत दाराची कडी होती, त्यांच्या स्वतःच्या घराची, गाव सोडताना उचकटून आणलेली.

"तोलाचं ठिवायचं म्हनलीस न्हवं?"

बाईंनी ती हातात घेतली, पदराने पुसली. "उशीर केलास, तान्हे," म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.

आता बाई नाहीत. धरणाच्या पाटीवर उंची आहे, लांबी आहे, उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे. गावाचं नाव नाही. ती पाटी दिसली की अजून माझं डोकं सणकतं. अडाणी म्हणून ज्यांच्यावर मी जळफळलो, त्या तान्हूबाईंनी कडी घेतली आणि कडी ठेवली. ज्यांनी गाव घेतलं, त्यांनी अजून काहीच ठेवलेलं नाही.