डावीकडचे मास्तर

मास्तरांनी उभा जन्म ड्रायव्हिंग शिकवण्यात घालवला. अर्ध्या गावाला त्यांनी चारचाकीवर बसवलं, पण स्वतः कायम डाव्या सीटवर. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा क्लच नि ब्रेक असतो, ॲक्सिलरेटर नसतो. गाडी पळवायची शिकणाऱ्याने, जीव वाचवायचे मास्तरांनी. तोंडात एकच पालुपद: "घाबरू नकोस बाळा, मी बसलोय ना."

म्हातारपणी ते परदेशात लेकीकडे आले. तिचे दिवस भरत आलेले, जावई बोटीवर, इस्पितळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दारात गाडी होती, पण मास्तरांचं लायसन्स तिथे चालेना.

"परीक्षा द्यावी लागेल, बाबा."

"मला? परीक्षा? त्या परीक्षकालाच चार गोष्टी शिकवून येतो!"

आता तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग पडलं डावीकडे. मास्तर सवयीने डावीकडे बसले, पट्टा लावला, हाताची घडी घातली आणि परीक्षकबाईंना मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, "हं, घ्या गाडी." बाई थांबल्या, मास्तरही थांबले. चूक उमगली तेव्हा पाय ब्रेकवरून हलेना. नापास! पुढच्या खेपेला गाडी हलली, पण मास्तर बाईंवरच खेकसले, "आरशात कोण बघणार?" पुन्हा नापास. लेकीसमोर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐनवेळी पोरीला टॅक्सीची वाट बघत बसावं लागलं तर, या विचाराने त्यांना घास गिळवेना.

"अहो बाबा, सगळ्या गावाला शिकवलंत," लेक म्हणाली, "आता स्वतःलाच शिकवा की."

मग तिसऱ्या परीक्षेला मास्तर गाडीत बसल्याबसल्या पुटपुटू लागले, "क्लच दाब. पहिला टाक. आता हळूच ॲक्सिलरेटर. घाबरू नकोस बाळा, मी बसलोय ना." गाडी कशी अलगद निघाली.

"कोणाशी बोलताय?" बाईंनी विचारलं.

"विद्यार्थ्याशी. नवखा आहे, पण होतकरू आहे."

बाईंनी मागची रिकामी सीट नीट पाहून घेतली आणि मुकाट्याने पास केलं.

लायसन्स हातात पडलं नि थोड्याच दिवसांत, भर दुपारी, लेकीला कळा सुरू झाल्या. मास्तरांनी स्टिअरिंग घट्ट धरलं; पहिला गिअर दोनदा हुकला.

"घाबरू नकोस बाळा, मी बसलोय ना."

शेजारी लेकीने डोळे मिटून मान हलवली. तिला वाटलं, बाबा आपल्यालाच सांगताहेत. मास्तरांनी तिला तसंच वाटू दिलं.