माहीमहून माहीमला

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. होतो. पालघर स्टेशनच्या बाकावर शेजारी केळवे-माहीमचा म्हातारा बागायतदार बसला होता. करंडीतली विड्याची पानं तो ओल्या फडक्याने एकेक पुसत होता. मुंबईच्या माहीमला राहणाऱ्या मुलाला पानमळ्यावर परत आणायला निघाला होता.

मी ऐटीत म्हणालो, "बाबा, मुंबईचं माहीम फार जुनं. शेकडो वर्षांपूर्वी एका राजाने वसवलं."

"राजा आमच्याच माहीमवरनं गेला, पोरा. माणसं, झाडं, सगळं घेऊन गेला. तवापास्नं तिकडं गेलेला कोण परत नाय आला."

गाडी आली. तो दमल्यासारखा उठला. करंडीत पानांखाली पानवेलीचं मुळं फुटलेलं कांड दिसलं.

"हे कशाला?"

"नाय आला, तर त्याच्या गॅलरीत लावीन."