जिन्यामागची बारकी

स्वतःच्या घरातल्या कपाटात शिरून, बाहेरून कडी लावायला सांगून, गुडघे छातीशी घेऊन तुम्ही किती वेळ बसाल? आणि कानाशी गरम इंजिन धडधडत असेल तर? उगाच छाती फुगवून उत्तर देऊ नका. आधी बसून बघा.

शिडाच्या बोटी बांधणारे लोक फार हुशार. मालकाच्या बिछान्याला जागा काढतात, पुस्तकांना काढतात, बाटल्यांना तर आधी काढतात. इंजिनाला मिळतं ते उरलंसुरलं. खाली उतरायच्या जिन्यामागे एक खोका, जिना हेच त्याचं सरकतं झाकण, खोक्यात इंजिन, आणि इंजिन व भिंत यांच्यामध्ये जी फट राहील तिच्यात मिस्त्री. त्या बंदरात असल्या फटीत मावणारं माणूस एकच होतं. बारकी.

बारकी हे काही तिचं लाडाचं नाव नव्हे, मापाचं नाव. चाळिशी उलटली तरी अंगाने मांस म्हणून धरलं नाही. वडील बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री. खांदे दारात अडकतील असे. थोरल्या भावाचे, दादाचे, त्याहून रुंद. म्हणून शाळेतून आली की हिला आत सारायचे. पुढे वडील गेले, वर्कशॉप दादाचं झालं आणि दारावर नवी पाटी लागली, ‘मिस्त्री आणि बंधू’. बंधू कोण? दादाला भाऊच नाही. फटीत शिरते ती बहीण. पाटी रंगवणाऱ्याकडे ‘भगिनी’पुरता रंग उरला नसावा.

तिसरं माणूस वहिनी, दादाची बायको. ती जिन्यापाशी बसून नट आवळायचे पाने द्यायची, फडकी द्यायची, कोणत्या बोटीला कोणता फिल्टर चालतो ते तिला तोंडपाठ असायचं. पण बंद जागेची तिला भयंकर धास्ती. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, न्हाणीघराची कडी लावत नाही. घरातल्यांनीच दाराबाहेरून खाकरायचं, अशी त्या घरातली रीत.

कामातली रीत वडिलांनी घालून दिलेली. इंजिन चालू असलं की आतला आवाज वर पोचत नाही, म्हणून आतल्याने जिन्याच्या फळीवर पान्याने ठोकायचं. एक ठोका म्हणजे चालू कर. दोन म्हणजे बंद कर. आणि दोन ठोक्यांना ‘का’ म्हणून विचारायचं नाही. आत असतो त्यालाच दिसतं, असं वडील म्हणायचे. त्या दोन ठोक्यांच्या भरवशावर बारकी इतकी वर्षं आत जात होती.

पण आता तिला निघायचं होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर प्रवासी फेरीबोटींचं वर्कशॉप आहे. तिथल्या फोरमनने निरोप धाडला होता, ‘तुझं काम बघितलंय. शुक्रवारपर्यंत हो म्हण, जागा ठेवतो.’ ती गुपचूप बघून आली. खोलीएवढी इंजिनं, माणसं भोवती चालत फिरत होती. ती एका इंजिनाजवळ ताठ उभी राहिली, हात सरळ वर केला, आणि छताला लागला नाही तेव्हा तिला एकदम रडूच फुटलं.

दादाला सांगायचं होतं, आणि सांगायला तोंड उघडेना. त्यातच ती डॉक्टरची बोट आली.

डॉक्टर दातांचा. दवाखाना बंद करून लांबच्या सफरीला निघालेला. बोट दोन वर्षं धक्क्याला बांधलेली, टाकी अर्धी. अर्ध्या टाकीत हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं, ते तळाला बसतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे काळी बुळबुळीत साय धरते. बोट उभी असेतोवर ती गुमान पडून राहते. लाट लागली की उठते आणि सरळ फिल्टरवर जाऊन बसते. म्हणजे इंजिनाची खरी गरज असते नेमकी तेव्हाच.

“टाकी उघडून धुवायला हवी,” बारकी आतून म्हणाली.

“टाकीचं झाकण त्यांच्या पलंगाखाली आहे. पलंग खोलायचा म्हणजे दोन दिवस गेले,” दादा म्हणाला. “फिल्टर बदल आणि ये बाहेर.”

“बरं, मग टाकीनंतरचा पहिला फिल्टर जाड जाळीचा दे. तीस मायक्रॉनचा.”

“हा दोनचा आहे ना. बारीक म्हणजे चांगला. डॉक्टरांनाही तोच पाहिजे.”

“अरे दादा, बारीक नंतर असतो, इंजिनावर! आधी जाडाने मोठा गाळ आणि पाणी धरायचं. पहिल्यालाच बारीक लावला तर सगळी घाण त्याच्याच बोडक्यावर बसेल. तासाभरात गुदमरेल तो.”

“तू आत बसून भाषण करू नकोस. लाव.”

आणि तिने लावला. हे सांगायलाच हवं. तिला कळत होतं, तरी लावला; कारण त्या फटीत मान वाकडी करून भांडायला श्वास पुरत नाही. रबरी रिंगला डिझेलचं बोट लावलं, हाताने घट्ट आवळला, खालच्या पारदर्शक वाटीतलं पाणी काढून टाकलं आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी चाचणीला बोट बाहेर काढली. शिडं शिवायला गेलेली, त्यामुळे सगळी मदार इंजिनावर. वर सुकाणूला दादा, शेजारी डॉक्टर. वहिनी खाली जिन्यापाशी. बारकी आत, फिल्टरवरच्या काट्याकडे बघत. फिल्टर तुंबायला लागला की पंपाला ओढायला जोर पडतो आणि काटा चढतो. डॉक्टरला आवाजाचा त्रास व्हायला लागला, म्हणून दादाने तिच्यावर जिना लोटला आणि बाहेरून खिट्टी सरकवली.

“अहो, ताई आत आहेत,” वहिनी म्हणाली.

“मग? आतच असते ती.”

बंदराच्या आत काटा झोपलेला होता. दगडी बांध जवळ आला, पहिली लाट लागली आणि काटा हलला. दुसऱ्या लाटेला लाल पट्ट्यात. बारकीने दोन ठोके दिले.

इंजिन चालूच.

पुन्हा दोन ठोके, जोरात. वहिनी जिन्यावरून वर धावली. “अहो, ताई दोन ठोके देतायत!”

“ऐकलंय मी. डॉक्टर बघतायत ना! आत्ता बंद केलं तर काय वाटेल? तू खाली जा.”

खोक्यातला उजेड म्हणजे डोक्याला बांधलेली बॅटरी. हवा रबर आणि डिझेलच्या वासाने जड झालेली. बारकीचा डावा हात पाइपामागे, उजव्यात पाना, पाठीला गरम लोखंड. ती ठोकत राहिली. दोन. दोन. दोन. आणि तिला हळूहळू कळत गेलं की वर सगळं ऐकू जातंय. तिला वाटायचं, जीव जातो तो हवेवाचून. तसं नसतं. जीव खरा कोंडतो तो आवाज पोचूनही कुणी हलत नाही तेव्हा.

इंजिन खोकलं, आणखी एकदा खोकलं, आणि बंद पडलं. एकदम शांत. बोट लाटांना आडवी झाली आणि वारा तिला बांधाच्या दगडांकडे लोटायला लागला.

वर धावपळ, नांगराच्या साखळीचा खडखडाट, डॉक्टरचं “मिस्त्री, अहो मिस्त्री!” खिट्टी कुणी काढली? वहिनीने. जिना ओढून तिने डोकं आत घातलं. ओठ पांढरे पडलेले. एरवी ती पाने द्यायची तीही खोक्याकडे पाठ करून.

“ताई, बाहेर या.”

“आता बाहेर येऊन काय करू? वहिनी, जाड फिल्टर पाहिजे होता गं.”

वहिनीने पिशवीत हात घातला आणि तीस मायक्रॉनचा काढून पुढे धरला. “काल ऐकलं होतं मी तुमचं. घेऊन ठेवला.”

जुना काढला तर त्याच्या कागदाच्या घडीघडीत काळा चिखल. नवा बसला, पण हवा आत शिरली होती. पाइपात हवेचा बुडबुडा असेतोवर डिझेल इंजिन ढिम्म हलत नाही. बारकीने वरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप अंगठ्याने दाबत बसली. फेस यायला लागला. फेस, फेस, पुन्हा फेस. बाहेर दादा ओरडत होता, “झालं का? अगं झालं का?” नांगर मातीत धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा. दगडांवर फुटणारं पाणी तिला भिंतीतून ऐकू येत होतं. शेवटी स्वच्छ, बिनफेसाचं डिझेल आलं. तिने स्क्रू आवळला आणि एक ठोका दिला.

तो मात्र दादाने लगेच ऐकला.

धक्क्याला लागल्यावर डॉक्टरने दादाचा हात हातात घेतला. “मिस्त्री, तुम्ही होतात म्हणून!” दादानेही नम्रपणे मान हलवली. बारकी फडक्याने हात पुसत मागे उभी. मग तिने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, जिन्याची खिट्टी उपटली आणि डॉक्टरच्या देखत पाण्यात टाकली.

“हे काय करताय बाई?”

“दुरुस्ती,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी जेवताना तिने दादाला सांगून टाकलं. “मी पलीकडे जातेय. फेरीच्या वर्कशॉपला.”

तिला वाटलं होतं ताट भिरकावेल. त्याने घास संपवला, पाणी प्यायला. “जा की. मी कुठे धरून ठेवलंय? आत तुझी वहिनी उतरेल. तीही काही जाडी नाही.”

वहिनी हातातलं फडकं घडी घालत होती. घातलेली घडी मोडायची, परत घालायची. “जा ताई,” ती म्हणाली. “मी करीन. सवय होईल.” आणि उठून मोरीवर गेली. दार उघडंच होतं. आत नळ सोडून ती ओकत होती.

दादा दुष्ट आहे असं कुणी म्हणू नये. तो बहिणीला शिवी देत नाही, हात लावत नाही, जेवायला आधी वाढायला सांगतो. त्याला फक्त एक माणूस आतमध्ये लागतं. कोणतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कुठून? पकडायला काठच सापडत नाही.

बारकीने फोरमनला फोन लावला. “दोघी आलो तर? माझी वहिनी फिल्टरातलं सगळं जाणते. कुठला कुठे लावायचा, किती दिवसांनी काढायचा, तिला विचारा.”

“जागा एकच आहे,” फोरमन म्हणाला. “तू येतेस की नाही?”

पलीकडून इंजिनांचा आवाज येत होता, मोठ्या खोलीत घुमावा तसा. तिने तो थोडा वेळ ऐकला आणि नाही म्हणाली.

ती अजून जिन्यामागेच आहे. गुडघा आता वाकला की सरळ व्हायला वेळ घेतो. वहिनी बाहेर बसून पाने देते, आणि दोघी एकमेकींकडे फारसं बघत नाहीत. एकीमुळे दुसरी अडकली आहे हे दोघींना ठाऊक आहे आणि ते बोलायची सोय नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाचं वर्कशॉप असेल, छत माणसाने उभं राहण्याइतकं उंच असेल आणि इंजिनाच्या कामाला दोन बायका हव्या असतील, तर बंदरावर येऊन बारकीला सांगा. एकीलाच घेणार असाल तर मात्र कृपा करून येऊ नका.