विक्रीआधीचा वाटा

डहाणूच्या किनाऱ्याला होडी लागली की जानकीबाय रिकाम्या टोपल्या घेऊन पुढे व्हायची. एकेक टोपली कोळीवाड्यातल्या अंथरुणाला खिळलेल्या एकेका म्हाताऱ्याची. पहिली मासळी त्या टोपल्यांत पडायची, मगच विक्री. हा आमचा रिवाज. कुणी हात आखडला की ती गरजायची, "मेल्या, जाळं विणायला कोणी शिकवलं तुला? तो म्हातारा अजून जिवंत हाय!"

मी चळवळीची पत्रकं वाचून पेटलेला तरुण. एकदा तिला वाचून दाखवलं : एका देशात मजुरीतूनच थोडं कापून ठेवतात, त्यातून म्हातारपणी पेन्शन देतात, दुसऱ्या देशात सरकार म्हाताऱ्यांसाठी घरं चालवतं, तिथे नर्स असते. बोंबील वाळत घालता घालता ती म्हणाली, "म्हंजे तेबी वाटा आधीच काढतात. आपलं सरकार कधी काढणार? आणि त्या घरात म्हातारीला विचारतात का, आज कोणती मासळी खाशील म्हणून?"

महाराष्ट्र राज्य झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत गावात इंजिनाची होडी आली. तिचा मालक म्हणाला, "माझ्या इंजिनाला कुठल्या म्हाताऱ्याचा हात लागलाय? दिवाळीला धोतर-लुगडं देईन सगळ्यांना." आणि लोक खूश झाले! आठवलं की आजही डोकं तापतं. एकटी जानकीबाय ओरडली, "दिवाळीपर्यंत काय लुगडं चावायचं?"

पुढे तिचेच पाय गेले. तिची टोपली सून घेऊन गेली. मालकाने विक्री आटोपल्यावर उरलेली, चेंगरलेली मासळी तीत फेकली. जानकीबायने टोपली तशीच परत धाडली. "उरलेलं मांजराला घाल म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी एकाही बाईने त्याच्या मासळीला हात लावला नाही. ना बाजारात नेली, ना वाळत घातली. दुपारी किनाऱ्यावर घाण सुटली. त्यानंतर मात्र त्याच्याही होडीची पहिली मासळी टोपल्यांत पडू लागली. पहिल्या दिवशीचं पापलेट जानकीबायने उलटसुलट करून पाहिलं. "हां, आता बरोबर. शेजारच्या म्हातारीला दे. मला बोंबीलच आवडतो."

ती वारल्यावर तलासरीच्या एका सभेत मी हे सांगितलं. जन्मभर जमीनमालकाचं गवत कापून पाठीत वाकलेला एक म्हातारा उठला. "दादा, आम्ही आमची टोपली कुठं ठेवायची?"

रस्त्यापलीकडे मालकाच्या गवताच्या गंज्या ट्रकची वाट पाहत उभ्या होत्या. मी तिकडे बोट दाखवलं.

"तिथं. ट्रक भरायच्या आधी."