तांड्याच्या बैठकीत रोबोची साक्ष

निताला रडायला फुरसत नव्हती. धाकटा भाऊ विनोद डायलिसिससाठी अकोल्याला खेपा घालत होता, आणि ज्यानं हे केलं तो शिवम सर इकडं मालेगावात छाती काढून हिंडत होता. त्याला नाक घासायला लावायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पोलीस भरतीची अकादमी शिवमची. दारातच एक रोबो उभा. दुखलं-खुपलं पोरांनी त्यालाच विचारायचं. डॉक्टरापुढं तोंड न उघडणारी पोरं त्याच्यापुढं घडाघडा बोलत! उन्हात पळून, उठाबशा काढून विनोदची लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा निता म्हणाली होती, "दवाखान्यात चाल."

"डॉक्टर त सुई टोचाले बसलेच राह्यते. मशीनले कायची लालूच वो, ताई?"

लालूच मालकाला होती. कोणतंही दुखणं सांगा, रोबोनं अकादमीतल्या पावडरीचाच डबा सुचवायचा, अशी तजवीज शिवमनं करून ठेवलेली. विनोद पावडर पीत राहिला, पळत राहिला, आणि एका सकाळी मैदानातच आडवा झाला; तोवर दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती.

निताच्या बंजारा तांड्यातला तंटा नाईकापुढं सुटतो. निता गुलाबसिंग नाईकांकडे गेली. नाईकांनी शिवमला निरोप धाडला, तुमचा रोबो आमच्या पोरांना दाखवा. नवी पोरं मिळतील या हावेनं शिवम रोबो गाडीत घालून हसत आला.

लिंबाखाली सगळा तांडा बसलेला. निता रोबोपुढं उभी राहिली.

"पळून आली. लघवी काळ्या चहावानी झाली. काय करू?"

"घाबरू नकोस, चॅम्पियन! दोन चमचे वज्र पावडर घे आणि सराव चालू ठेव."

शिवम रोबोच्या बटणाकडं धावला. नाईकांनी काठी आडवी धरली. विनोदची आई मोतीबाई पुढं झाली. "माह्या छातीत कळ येऊन राह्यली, बाबू."

"घाबरू नकोस, चॅम्पियन! दोन चमचे..."

कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच हसलं नाही.

"मशीनची चूक हाय, नाईक," शिवम म्हणाला.

"अन् तिच्या तोंडात कोनं भरलं?"

शिवमनं हात जोडले. अर्धी अकादमी तांड्यांवरच्या पोरांची. नाईकांनी तोंड फिरवलं तर मैदान ओस पडलं असतं.

"बोल पोरी, काय दंड?"

"हा विनोदसंगं अकोल्याले येईन. दर खेपेले. सुई टोचतीन तवा तोंड न फिरवता पाहीन. अन् वाटेत भरतीचा जो पोरगा भेटन त्याले सोताच्या तोंडानं सांगन, माह्या डब्यानं याचे गुर्दे गेले."

"किती दिवस?"

"विनोदले जा लागन तवरोक."

नाईकांनी मान हलवली.

पुढच्या खेपेला शिवम मुकाट्यानं एसटीत विनोदशेजारी बसला. मालेगावच्या स्टँडवर भरतीची तयारी करणारी केनवडची दोन पोरं पाठीवर बॅगा टाकून चढली. "नमस्ते, सर!" शिवम खिडकीबाहेर पाहू लागला. मागच्या सीटवरून निताचं बोट त्याच्या खांद्यात रुतलं.

"सांगा."

त्यानं सांगितलं, हळू आवाजात.

"जोरानं. डायवरले ऐकू गेलं पाह्यजे."

पोरांची तोंडं उतरली. शिवमच्या कपाळावर घाम आला. निताला कीव आली नाही. पुढं मेडशीला आणखी पोरं चढणार होती.